जुनी ऑटोमॅटिक गाडी झटके देतेय? गिअरबॉक्स खोलण्याआधी कार्ब्युरेटर आणि एक रबरी नळी तपासा

आजची गाडी बिघडली की मेकॅनिक काय करतो? स्टिअरिंगखालच्या पोर्टला एक छोटं उपकरण लावतो, मोबाइलवर ॲप उघडतो आणि गाडी स्वतःच आपला एरर कोड सांगते. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून नव्या कारना हा ओबीडी-२ पोर्ट सक्तीचा झाला. पण त्याआधीच्या, म्हणजे साधारण १९६० ते १९८५ या काळातल्या कार्ब्युरेटरवाल्या ऑटोमॅटिक गाड्यांना असा पोर्टच नाही. शेव्हर्ले नोव्हा, मालिबू, कॅमारो अशा गाड्या तिकडे आजही हौसेनं जपल्या जातात, आणि त्यांचे रिस्टोरेशनचे व्हिडिओ आपल्याकडेही आवडीनं पाहिले जातात.

या गाड्यांमध्ये एक तक्रार नेहमी असते: "गिअर उशिरा पडतो, झटका बसतो, पिकअप नाही." ऐकणारा लगेच म्हणतो, गिअरबॉक्स गेला. मग तो उतरवला जातो, खोलला जातो, मोठं बिल होतं आणि गाडी पुन्हा तशीच झटके देते. कारण बऱ्याचदा दोष गिअरबॉक्समध्ये नसतोच. तो बॉनेटखाली, कार्ब्युरेटरमध्ये किंवा तडकलेल्या एका रबरी नळीत असतो. असं का होतं आणि दोष नेमका कुठे आहे हे कसं ओळखायचं, तेच या लेखात पाहू. उदाहरण म्हणून जनरल मोटर्सचा टर्बो हायड्रामॅटिक ३५० हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घेतला आहे. तो १९६९ च्या मॉडेलपासून वापरात आला आणि जुन्या अमेरिकन गाड्यांमध्ये सर्रास सापडतो.

कार्ब्युरेटर म्हणजे काय, थोडक्यात

तुमच्या घरी २०२० च्या आधीची साधी बाईक असेल तर कार्ब्युरेटर तुम्ही पाहिलाच आहे. बीएस-६ नियम येईपर्यंत आपल्याकडच्या बहुतेक साध्या बाईकना तोच होता. थंडीत चोक ओढून किक मारायची, ती गाडी. कामही तेच: इंजिन हवा आत ओढतं, ती हवा एका अरुंद गळ्यातून जाताना तिचा दाब कमी होतो आणि त्या ओढीनं बारीक जेटमधून पेट्रोल बाहेर येऊन हवेत मिसळतं. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. पेट्रोलची पातळी राखायला आत एक फ्लोट असतो. आपल्या घराच्या पाण्याच्या टाकीतला बॉल कॉक असतो ना, अगदी तसाच.

आता महत्त्वाचा शब्द: व्हॅक्युम. ॲक्सिलरेटर सोडलेला असतो तेव्हा हवेची वाट जवळपास बंद असते, पण पिस्टन हवा ओढतच असतात. त्यामुळे इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये जोरदार व्हॅक्युम तयार होतो. ॲक्सिलरेटर दाबला की वाट उघडते आणि व्हॅक्युम घटतो. म्हणजे व्हॅक्युम जास्त तर इंजिन आरामात, व्हॅक्युम कमी तर इंजिनवर भार. एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावरच आहे.

गिअरबॉक्सला कसं कळतं की गिअर कधी बदलायचा?

आजच्या ऑटोमॅटिकमध्ये हे काम कॉम्प्युटर करतो. टीएच३५० मध्ये ते ऑइलचा दाब करतो, आणि त्याला दोन बातम्या लागतात. पहिली, गाडीचा वेग किती आहे. ती गव्हर्नर नावाचा फिरता भाग देतो. दुसरी, इंजिनवर भार किती आहे. ही बातमी इनटेक मॅनिफोल्डपासून निघालेली एक बारीक पाइपलाइन देते. तिची दोन्ही टोकं रबरी असतात आणि मागे गिअरबॉक्सच्या उजव्या बाजूला ती व्हॅक्युम मॉड्युलेटर नावाच्या डबीला जोडलेली असते. डबीच्या आत एक रबरी पडदा असतो, त्याला डायफ्रॅम म्हणतात.

व्हॅक्युम भरपूर असला की मॉड्युलेटर समजतो, चालक निवांत चालवतोय. मग ऑइलचा दाब कमी, गिअर लवकर आणि हळुवार बदलतो. व्हॅक्युम कमी झाला की तो समजतो, चढ आहे किंवा ओव्हरटेक चाललंय. मग दाब वाढतो, गिअर उशिरा आणि जोरात पडतो.

गंमत इथेच आहे. नळी तडकली, निघाली किंवा इंजिनच अशक्त झालं, तर व्हॅक्युम कमीच पोहोचतो. सपाट रस्त्यावर रमतगमत जाताना बिचाऱ्या गिअरबॉक्सला वाटतं की आपण घाट चढतोय! तो प्रत्येक गिअर उशिरा आणि धाडकन टाकतो. त्यात त्याची काही चूक नाही, त्याला मिळालेली बातमीच खोटी आहे.

पहिला प्रश्न: इंजिनचा आवाज चढतो का?

"गाडी ओढत नाही" या एका वाक्यात दोन वेगळे आजार लपलेले असतात. ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज चढतो पण त्या मानानं वेग वाढत नाही, तर ताकद तयार होतेय पण चाकांपर्यंत पोहोचत नाहीये. याला गिअर स्लिप होणं म्हणतात. आवाजच चढत नाही, इंजिन घुटमळतं, खोकल्यासारखं करतं किंवा क्षणभर मरतं आणि मग उचल खातं, तर गिअरबॉक्सला सध्या बाजूला ठेवा. इंजिनचीच तब्येत बरी नाही.

अशा बऱ्याच गाड्यांना आरपीएम मीटर नसतो. इथे तुमचा मोबाइल कामाला येतो. शेजारी बसलेल्या माणसाला स्पीडोमीटरचा व्हिडिओ काढायला सांगा, आवाजासकट. चालवणाऱ्यानं मोबाइल हातात धरायचा नाही, हे सांगायला नकोच. घरी येऊन हेडफोन लावून पाहा: कोणत्या वेगाला गिअर बदलला, बदलताना आवाज मध्येच वर उसळला का, धक्का कधी बसला. चालवताना जाणवत नाहीत अशा गोष्टी दुसऱ्यांदा ऐकताना स्पष्ट कळतात, आणि मेकॅनिकला "कसंतरी करते" असं सांगण्यापेक्षा हा व्हिडिओ दाखवणं कधीही चांगलं.

मग ऑइलची डिपस्टिक

हे काम फुकटातलं आहे, तरी लोक ते टाळतात. इंजिन ऑइल आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं आणि डिपस्टिकही वेगळी. टीएच३५० मध्ये गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन गरम आणि चालू ठेवून, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरमधून एकदा फिरवायचा, पार्कमध्ये आणायचा आणि मग पातळी पाहायची. क्रायस्लरच्या जुन्या टॉर्कफ्लाइटमध्ये मात्र पार्क नाही, न्यूट्रल. प्रत्येक कंपनीची रीत वेगळी असते, त्यामुळे त्या गाडीचं मॅन्युअल बघाच.

ऑइल कमी असेल तर सकाळी डी मध्ये टाकल्यावर गाडी दोनतीन सेकंद नुसती उभी राहते आणि मग हलते. वळणावर गिअर सुटल्यासारखा वाटतो. जास्त भरलं तरी फेस होतो आणि तशीच लक्षणं दिसतात, म्हणून "थोडं जास्तच घाल" हा सल्ला ऐकू नका.

रंग आणि वासही सांगतो. लालसर आणि स्वच्छ, तर ठीक. तपकिरी-काळपट आणि जळका वास, तर आतल्या क्लच प्लेट जळत आहेत. गुलाबी, दुधाळ, स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं दिसलं तर रेडिएटरमधलं पाणी ऑइलमध्ये मिसळतंय. अशी गाडी अजिबात चालवू नका, टोइंग करून न्या. या गाड्यांमध्ये गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारी नळी रेडिएटरच्या आतूनच जाते, तिथे गळती झाली की हे होतं.

ऑइल कमी होतंय, पण जमिनीवर एक थेंब नाही?

या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. दर काही दिवसांनी गिअरबॉक्सचं ऑइल कमी होतं, खाली गळती दिसत नाही, आणि सायलेन्सरमधून पांढुरका धूर येतो. धूर पाहून लोक इंजिनच्या रिंग, व्हॉल्व्ह सील, हेड गॅस्केट असं सगळं बोलायला लागतात. इंजिन खोलायची तयारी सुरू होते.

प्रत्यक्षात मॉड्युलेटरचा रबरी पडदा फाटलेला असू शकतो. पडद्याच्या एका बाजूला गिअरबॉक्सचं ऑइल आणि दुसऱ्या बाजूला इंजिनचा व्हॅक्युम. पडदा फाटला की इंजिन त्या नळीतून ऑइल स्ट्रॉनं प्यायल्यासारखं ओढून घेतं आणि जाळून टाकतं. धूरही त्याचाच.

तपासणी सोपी आहे. इंजिन बंद करा, गाडी भक्कम स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, हे काम कितीही छोटं असलं तरी. मॉड्युलेटरवरची रबरी नळी ओढून काढा आणि आत पाहा. नळीत किंवा मॉड्युलेटरच्या तोंडात ऑइल दिसलं, तर आजार सापडला. ती डबी एका बोल्टनं आणि क्लॅम्पनं धरलेली असते, गिअरबॉक्स न उतरवता बदलता येते. नळी कोरडी असेल पण तडकलेली, कडक झालेली किंवा ढिली असेल, तर ती नळी बदला आणि मगच पुढचा विचार करा.

आणखी एक गोष्ट तपासा. ही पाइपलाइन इनटेक मॅनिफोल्डच्या थेट व्हॅक्युमवरच लागायला हवी. कार्ब्युरेटरवर काही तोंडं अशी असतात जिथे आयडलिंगला व्हॅक्युम जवळपास शून्य असतो, ॲक्सिलरेटर उघडल्यावरच मिळतो. कार्ब्युरेटर काढून बसवताना कुणी नळी चुकून तिथे जोडली, की लिव्हर डी मध्ये टाकताच धक्का बसतो. गिअरबॉक्स तोच, कालपर्यंत ठीक होता. बदल फक्त नळीच्या जागेचा.

व्हॅक्युम गेज: या गाडीचा स्कॅनर

तुम्ही एकच उपकरण विकत घेणार असाल तर व्हॅक्युम गेज घ्या. ते स्वस्त असतं आणि या काळातल्या गाडीबद्दल खूप काही सांगतं. इनटेक मॅनिफोल्डच्या तोंडाला लावून गरम इंजिनच्या आयडलिंगवर वाचा. समुद्रसपाटीला तब्येतीच्या इंजिनमध्ये काटा पाऱ्याच्या साधारण १७ ते २१ इंचांवर स्थिर असतो. उंचीवर तो कमी दिसतो, दर हजार फुटांना जवळपास एक इंच. म्हणजे पाच हजार फुटांवरच्या डेन्व्हर शहरात १३-१४ इंच दिसले तर घाबरायचं कारण नाही.

काटा स्थिर पण खाली असेल तर कुठूनतरी हवा घुसतेय किंवा इग्निशनचं टायमिंग मागे आहे. काटा ठरावीक लयीत खाली झटकत असेल तर एखादा सिलिंडर किंवा व्हॉल्व्ह नीट काम करत नाहीये. मॉड्युलेटरकडच्या टोकालाही एकदा गेज लावून पाहा. पुढे १८ आणि मागे ११ दिसत असतील, तर मधल्या पाइपमध्येच घोळ आहे.

हवा कुठून घुसतेय हे शोधायला बरेच जण कार्ब्युरेटर क्लीनरचा स्प्रे मारतात आणि आयडलिंग बदललं की जागा सापडली म्हणतात. पद्धत चालते, पण गरम इंजिनवर ज्वालाग्राही स्प्रे म्हणजे आगीशी खेळ. त्यापेक्षा एकेक रबरी नळी पकडीनं हलकेच दाबून बंद करा आणि आयडलिंग सुधारतं का ते ऐका. किंवा रबरी पाइपचा तुकडा कानाला लावून दुसरं टोक सांध्याजवळ फिरवा, पंख्यापासून जपून. "स्स्स" असा आवाज जिथे मोठा होतो, तिथे गळती.

आता कार्ब्युरेटर

इंजिन बंद. एअर फिल्टरचं झाकण काढा, मोबाइलचा टॉर्च गळ्यात मारा आणि ॲक्सिलरेटरची दांडी हातानं झटक्यात उघडा. आत पेट्रोलची बारीक, ठसठशीत पिचकारी दिसली पाहिजे, दांडी हलताक्षणी. उशिरा आली, नुसती गळाली किंवा आलीच नाही, तर ॲक्सिलरेटर पंप गेलाय. सिग्नलला पाय दाबल्यावर गाडी क्षणभर बसते आणि मग उडी मारते, ती यामुळेच. अनेकांना तो गिअरचा झटका वाटतो! मोबाइलमध्ये स्लो-मोशन असेल तर ही पिचकारी शूट करा, उशीर होतोय का ते नीट दिसतं. काम झालं की मोबाइल बाजूला ठेवा, तो गळ्यात पडला तर वेगळाच लेख लिहावा लागेल.

चोकही याच वेळी बघून घ्या. थंड इंजिनवर ॲक्सिलरेटर एकदा दाबून सोडला की वरची पट्टी बंद व्हायला हवी, इंजिन गरम झाल्यावर ती पूर्ण उभी, म्हणजे उघडी दिसायला हवी. अर्धवट अडकलेली पट्टी म्हणजे काळा धूर, पेट्रोलचा वास आणि मायलेजची वाट. शिवाय थंडीसाठी वाढवलेलं आयडलिंग उतरत नाही. अशा चढ्या आयडलिंगवर लिव्हर डी मध्ये टाकला की "धाड" असा आवाज येणारच. त्या आवाजावरून गिअरबॉक्सला दोष देण्याआधी आयडलिंग मोजा.

जनरल मोटर्सच्या गाड्यांवर १९६५ पासून दिसणारा रोचेस्टर क्वाड्राजेट हा चार गळ्यांचा कार्ब्युरेटर फार प्रसिद्ध आहे, आणि त्याची दोन दुखणीही. पहिलं, त्याचा फ्लोट हलक्या फोमसारख्या पदार्थाचा असतो आणि वर्षानुवर्षं पेट्रोल शोषून जड होतो. जड फ्लोट तरंगत नाही, पेट्रोल थांबत नाही आणि इंजिन ओव्हरफ्लो होतं. दुसरं, तळाची छोटी बुचं पाझरतात, रात्रीतून पेट्रोल उतरतं आणि सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. माझ्या मते क्वाड्राजेटची बदनामी अर्धी या दोन गोष्टींमुळे आणि अर्धी ज्यांना तो जुळवता येत नाही त्यांच्यामुळे झाली आहे. नीट बसवलेला असेल तर तो उत्तम चालतो.

उन्हाळ्यात गाडी दहा मिनिटं थांबवून पुन्हा सुरू करताना त्रास होत असेल तर इंजिनच्या उष्णतेनं कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळून गळ्यात सांडलेलं असतं. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा, पंप करत बसू नका.

एक इशारा. स्पार्क प्लग, पॉइंट आणि टायमिंग न तपासता कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवू नका. इग्निशनचे दोष हुबेहूब कार्ब्युरेटरसारखे दिसतात, आणि एकदा सगळे स्क्रू हलले की मूळ दोष आणि तुमची कारागिरी वेगळी करणं अवघड होतं.

कार्ब्युरेटर बदलला आणि गिअरबॉक्स जळाला

टीएच३५० ला एक केबलही असते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ती ओढली जाते आणि गिअर खाली उतरतो, म्हणजे ओव्हरटेकला जोर मिळतो. ती तुटली तर फक्त ती सोय जाते, बाकी गाडी चालते.

पण १९८२ पासून आलेल्या चार गिअरच्या ७००आर४ मध्ये व्हॅक्युम मॉड्युलेटर नाही. तिथे थ्रॉटल व्हॉल्व्ह केबल, म्हणजे टीव्ही केबल, ॲक्सिलरेटर किती उघडलाय ते सतत सांगते आणि त्यावर ऑइलचा दाब ठरतो. हौसेनं दुसऱ्या कंपनीचा कार्ब्युरेटर बसवला, केबल जोडायची जागा थोडी सरकली आणि केबल ढिली राहिली, तर दाब कमी पडतो. गाडी मात्र छान वाटते! गिअर लवकर आणि लोण्यासारखे पडतात. आत क्लच प्लेट घासत, जळत असतात. ७००आर४ वर नवा कार्ब्युरेटर घातला की केबलचं सेटिंग तपासल्याशिवाय गाडी गल्लीच्या बाहेरही नेऊ नये, इतकं हे गंभीर आहे.

उलटी केस: कार्ब्युरेटर निर्दोष, गिअरबॉक्स दोषी

सिग्नलला थांबताना इंजिन बंद पडतं. सगळे कार्ब्युरेटर साफ करतात, दोनदा करतात, तरी फरक नाही. १९८० च्या आसपासपासून अनेक ऑटोमॅटिक गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टरला लॉकअप क्लच आला. हायवेवर तो जोडला जातो, वेग उतरला की सुटतो. तो सुटलाच नाही तर मॅन्युअल गाडीत क्लच न दाबता ब्रेक मारल्यासारखं होतं, इंजिन हिसके देऊन मरतं.

ओळखायचं कसं? हायवेवर बराच वेळ चालवून झाल्यावरच असं होत असेल आणि न्यूट्रलमध्ये टाकून थांबल्यास इंजिन चालू राहत असेल, तर संशय लॉकअपवर. गिअरबॉक्सच्या बाजूचा त्याचा वायरचा कनेक्टर काढून गाडी चालवून पाहतात. त्रास थांबला तर लॉकअपचा सोलेनॉइड किंवा त्याला वीज देणारं सर्किट अडकलंय. मूळच्या टीएच३५० ला लॉकअप नव्हता, त्यामुळे तुमच्याकडे नेमका कोणता गिअरबॉक्स आहे ते आधी पाहा. खालच्या ऑइल पॅनच्या आकारावरून तो ओळखता येतो. पॅनचा फोटो काढा आणि मोबाइलवर जुळवून पाहा.

आणि खरंच गिअरबॉक्स गेला असेल तर?

व्हॅक्युम ठीक, ऑइल पातळीला, केबल बरोबर, इंजिन खणखणीत, तरी गिअर स्लिप होतो. मग आत खोलावंच लागेल. पण तेव्हाही कोणत्या गिअरमध्ये स्लिप होतो ते लिहून ठेवा. टीएच३५० मध्ये तिसरा गिअर आणि रिव्हर्स या दोघांना एकच डायरेक्ट क्लच लागतो. तिसऱ्यात आवाज चढतो आणि रिव्हर्सही मरगळलेला आहे, तर बोट त्या क्लचकडे जातं. पुढचे सगळे गिअर स्लिप होतात पण रिव्हर्स दणदणीत आहे, तर फॉरवर्ड क्लचकडे.

ब्रेक दाबून, डी मध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून आरपीएम कुठे अडकतो ते पाहायची स्टॉल टेस्ट व्हिडिओंमध्ये फार दाखवतात. चाचणी खरी आहे. आकडा मॅन्युअलपेक्षा बराच वर गेला तर गिअरबॉक्स स्लिप होतोय, बराच खाली राहिला तर इंजिन अशक्त आहे किंवा कन्व्हर्टर खराब आहे. पण पाच सेकंदांपेक्षा जास्त धरली तर ऑइल उकळतं, आणि ब्रेक सुटला तर गाडी समोर जे असेल त्यात घुसते. चाकांना लाकडी ठोकळे नसतील, समोर भिंत किंवा माणूस असेल, तर ही टेस्ट करू नका. अनुभवी मेकॅनिककडेच करून घ्या. आणि इंजिन चालू ठेवून करायची वरची कोणतीही तपासणी बंद गॅरेजमध्ये करायची नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं जड होईपर्यंत कळतही नाही.